खासगी शेरा आणि भंगारात गेलेला कॉम्प्युटर

मी आणि माझ्या वन्सं, म्हणजे आमच्या यांच्या थोरल्या बहीण, आम्ही दोघींनी २०१४ साली डहाणूत वधू-वर सूचक केंद्र काढलं. वन्सं नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला गप्प बसवल्यावर आता गप्प बसवायला फक्त आमचे हे आणि मी उरलो होतो, आणि आम्ही आधीच गप्प होतो. मग त्यांनीच एक दिवस जाहीर केलं, "लग्नं जमवायची. पुढची खोली मोकळीच असते."

हे रेल्वेत तिकीट खिडकीवर. त्यांनी बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर मिळवून आणला. मागे कुबड असलेला मोठा मॉनिटर, आणि खाली डबा, जो सुरू केला की गिरणीसारखा घुमायचा. मी लग्नाआधी टायपिंग शिकले होते, त्यामुळे माहिती भरण्याचं काम माझ्याकडे आलं. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, असे सगळे रकाने मी केले. शेवटचा रकाना वन्संनी सांगून करून घेतला. त्याचं नाव होतं "खासगी शेरा".

"बायोडेटात सगळेच सुस्वभावी असतात," त्या म्हणाल्या. "गृहकृत्यदक्ष, निर्व्यसनी, मनमिळाऊ. सगळेच मनमिळाऊ असते तर मला शाळेत छडी कशाला लागली असती?"

तेव्हा माणसं येऊन गेली की वन्सं बोलायच्या आणि मी टाइप करायचे. "उंची पाच आठ सांगितली. आपल्या दाराच्या चौकटीप्रमाणे पाच पाच." दाराच्या चौकटीवर त्यांनी खरंच पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक मुलाला निरोप देताना बरोबर तिथे उभं करून दोन मिनिटं बोलत. "मुलगी हुशार. मुलीची आई जास्त हुशार, जपून." "चहा नको म्हणाले आणि बशीतली सगळी बिस्किटं खाल्ली." "मुलगा सरळ आहे. इतका सरळ की वळण आलं तर काय करेल सांगता येत नाही." "वडील बोलतात, मुलगा मान हलवतो. लग्न वडिलांशी करायचं असेल तरच पुढे जावं."

आमचं केंद्र चाललं ते या रकान्यामुळे. दुसरीकडे पत्रिका जुळवत, आम्ही शेरे जुळवायचो. बडबड्या सासूला कमी ऐकू येणारी सून नको, उलट तिच्याहून बडबडी हवी, हे वन्संचं शास्त्र होतं आणि ते लागू पडत होतं. शिक्षक, तलाठी, बँकेतले साहेब, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, कैनाडपासून सायवनपर्यंतची शेतीवाली घरं, सगळे आमच्याकडे यायचे. आणि सगळ्यांचे शेरे त्या डब्यात जमत होते.

डब्याला पासवर्ड होता. पासवर्ड होता "शुभमंगल". तो विसरायला नको म्हणून वन्संनी आपल्या वळणदार अक्षरात एका चिठ्ठीवर लिहिला, खाली "कोणालाही सांगू नये" असं लिहून अधोरेखित केलं, आणि चिठ्ठी मॉनिटरच्या कपाळावर चिकटपट्टीने लावून टाकली.

२०१७ साली डबा थकला. सकाळी सुरू केला की आंघोळ-पूजा उरकेपर्यंत उघडायचा नाही. ह्यांनी लॅपटॉप आणला. मी सगळी यादी पेन ड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवर उतरवली, आणि जुन्यातल्या फाइली एकदम पकडून कचरापेटीच्या चित्रात टाकल्या.

"नक्की गेली ना?" वन्संनी विचारलं.

"कचरापेटीत टाकली, वन्सं. आता काय राहतंय?"

त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी ओल्या फडक्याने मॉनिटर पुसला, दातकोरणीने कीबोर्डाच्या फटीतला चिवडा काढला, दर दसऱ्याला करत तसं हळदकुंकू वाहिलं, आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्याने कॉम्प्युटर टेम्पोत चढवला आणि बदल्यात दोन प्लास्टिकचे टब आणि एक मग दिला. तो मग जरा वाकडा होता म्हणून वन्संनी बदलून घेतला. एवढ्या त्या काटेकोर.

पाचव्या दिवशी लॅपटॉपला प्रिंटर जोडायला बाजारातले दुरुस्तीवाले काका आले. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे, मग काळाबरोबर कॉम्प्युटरकडे वळले होते. काम करता करता त्यांनी सहज विचारलं, "जुन्याचं काय केलंत?"

"भंगारात दिला," मी म्हटलं.

"हार्ड डिस्क काढून ठेवलीत ना?"

"ती काय असते?"

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "वहिनी, आतली सगळी माहिती जिच्यात असते ती. पुस्तकाएवढी चपटी डबी. माहिती तरी पुसली होती का?"

"हो तर. कचरापेटीत टाकली."

"आणि कचरापेटी रिकामी केली?"

"ती मी रिकामी करायची असते?"

"मग कोण करणार? नगरपालिका?"

वन्सं आतून आल्या. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. काका म्हणाले, कचरापेटीत टाकलेलं तिथेच पडून असतं, कोणीही बाहेर काढू शकतं. आणि ती रिकामी केली तरी जाणकार माणूस खणून काढतो. पाटी पुसल्यावर अक्षरं पुसट दिसत राहतात ना, तसं. हा दाखला वन्संना एकदम कळला. त्या खुर्चीवर बसल्या आणि बोटं मोजायला लागल्या.

"बँकेतले साहेब. डॉक्टरीणबाई. आपल्या गल्लीतली सात घरं. माझ्या शाळेतले मुख्याध्यापक, त्यांच्या दोन्ही मुली. अगं, मुख्याध्यापकांबद्दल मी काय सांगितलं होतं?"

मला आठवत होतं. मी सांगितलं नाही.

"पण पासवर्ड आहे ना!" त्या एकदम उजळल्या. मग आम्ही दोघींनी एकदमच भिंतीच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे मॉनिटर असायचा. चिठ्ठी त्याच्या कपाळावरच गेली होती. वन्संनी मॉनिटर पुसताना ती न भिजता नीट राहील याची काळजीसुद्धा घेतली होती.

भंगारवाला कैनाडचा हे माहीत होतं. आम्ही तशाच रिक्षा करून निघालो. वन्संनी बाहेर जायची साडी नेसली, कारण त्यांच्या मते घाबरलेलं असताना तर जास्तच नीट दिसावं. भंगारवाला अंगणात वायरींची साल सोलत बसला होता. आम्हाला बघून उठला.

"बाई, प्लास्टिकचा मग पुन्हा बदलायचा?"

"तो मग राहू दे. आमचा कॉम्प्युटर कुठे आहे?"

"तो तर तलासरीच्या शेठकडे गेला. त्याच दिवशी."

"फोडला का रे त्याने?" वन्संनी आशेने विचारलं.

"नाय बाई," तो आम्हाला धीर देत म्हणाला. "चिंता नको. चालू वस्तू शेठ फोडत नाय. मी सांगितलं त्याला, मास्तरीणबाईंच्या घरचा आहे, जपून वापरलेला. वर पासवर्ड पण लिहून दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तलासरीला गेलो. वाटेत चारोटीला गाडी थांबली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "तलाठ्याचं काय लिहिलं होतं?" मी म्हटलं, "दोन ओळी होत्या." त्यांनी डोळे मिटले.

शेठचं गोदाम हायवेपासून जरा आत होतं. पत्र्याची शेड, बाहेर फ्रिजांची रांग, आत पंख्यांचा ढीग. आणि मधोमध, एका टेबलावर, आमचा मॉनिटर सुरू होता. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत एक साठीच्या बाई, चष्मा नाकावर, पायाशी शेंगांच्या टरफलांचा ढीग, मन लावून वाचत होत्या. मागे चाळिशीचा शेठ वजनकाट्यापाशी उभा होता.

"बा, कोणी आलंय," तो आईला म्हणाला.

त्याच्या आईने मान वळवली नाही. "थांब जरा. आ बिस्किटवाळो जो, बघ तरी." मग आमच्याकडे वळून, शुद्ध मराठीत, "या, या, बसा. काय काय लिहितात लोक! दोन दिवस झाले, टीव्ही लावला नाही मी."

त्यांचं घर गुजराती, पण शाळा मराठीत झालेली. वाचनाची आवड. वन्संचा एकही शेरा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता.

"हा आमचा आहे," वन्सं म्हणाल्या. "आम्हाला परत हवा."

बाई उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे हे शेरे तुम्ही लिहिलेत?" आणि त्यांनी चक्क वन्संच्या पायाला हात लावला. "बेन, काय माणूस ओळखता! तो वडील बोलतात, मुलगा मान हलवतोवाला, तो आमच्या नात्यातला आहे. एकदम बरोबर!"

वन्सं घाबरल्या होत्या, तरी खूश झाल्याचं मला दिसलं. त्यांच्या लिखाणाचं आजवर कोणी कौतुक केलं नव्हतं, कारण मी सोडून कोणी ते वाचलंच नव्हतं.

"पण तुम्ही कचरापेटीत का बघितलंत?" मी विचारलं.

"वहिनी," शेठ शांतपणे म्हणाला, "आमचा धंदाच भंगाराचा. भरलेली कचरापेटी आम्ही न बघता कशी टाकणार?" आणि त्याने मागच्या फळीवर ओळीने ठेवलेले डबे दाखवले. एकात कुठल्या तरी दवाखान्याचे रिपोर्ट, एकात शाळेचे निकाल, एकात एका वकिलाची अशिलांबरोबरची सगळी पत्रं, आणि एकात कोणा साहेबाने स्वतःवर केलेल्या कविता. "लोक बाहेरून पुसून, चकाचक करून देतात. आतलं कोणी पुसत नाही."

हळदकुंकवाचा डाग अजून डब्यावर होता. आम्ही खाली बघितलं.

तेवढ्यात बाईंनी पुन्हा चष्मा चढवला. "अजून एक विचारायचं होतं. ही दुसरी फाइल आहे, छोटी. 'सराव' नावाची. तिच्यात दोनच माणसं आहेत. एक 'धाकटा भाऊ' आणि एक 'भावाची बायको'. ही कोण?"

वन्सं पुढे झाल्या. "ते बंद करा."

मला त्या फाइलचा पत्ताच नव्हता. दुपारी मी पडले की वन्सं एका बोटाने टाइप करायला शिकत, तेवढं मला माहीत होतं. कचरापेटीत ती गेली, कारण मी समोर दिसेल ते सगळं एकदम पकडून टाकलं होतं.

"वाचा," मी म्हटलं.

बाईंनी वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचलं. "धाकटा भाऊ. स्वभाव गरीब. एका जागी बसवलं की बसतो. रेल्वेला योग्य." मग खाली सरकून, "भावाची बायको. स्वयंपाक बरा. आमटीत गूळ जास्त. सगळं ऐकून घेते, पण ऐकत नाही. ही आली नसती तर या घराचं काही खरं नव्हतं. हे तिला सांगू नये."

पंख्यांच्या ढिगावर एक मांजर होतं, मी त्याच्याकडे बघत राहिले. तेवीस वर्षं मी त्या घरात होते आणि आमटीत गूळ जास्त होतो हेसुद्धा मला कोणी सांगितलं नव्हतं.

"तो सराव होता," वन्सं म्हणाल्या. "काहीतरी टाइप करायला हवं म्हणून केलं." मग शेठकडे वळल्या. "ती हार्ड डिस्क का काय ती काढून द्या. बाकी डबा तुमचा."

शेठ तयार होता. त्याची आई तयार नव्हती. "देईन, पण एक काम आहे. धाकटा मुलगा लग्नाचा आहे. या यादीतली एक मुलगी मला फार आवडली. तिच्या पुढे तुम्ही लिहिलंय, 'हिला बडबड्या सासूचं वावडं नाही, उलट सोबत होईल.' मला तिचा पत्ता द्या."

पत्ता त्यांच्यासमोरच्या पडद्यावर होता. त्यांनी तो दोन दिवसांत शंभर वेळा वाचला असणार. पण त्यांना तो रीतसर हवा होता, हे वन्संना आवडलं.

"पत्ता असा मिळत नाही," त्या म्हणाल्या. "नाव नोंदवावं लागतं, फोटो लागतो, मुलगा बघावा लागतो. मुलीला विचारावं लागतं. ती हो म्हणाली तरच."

"नोंदवा. मुलगा मागेच आहे, एसी फोडतोय."

धाकटा हातातला हातोडा घेऊनच आला. वन्संनी त्याला चार प्रश्न विचारले, शेडच्या खांबाला उभं करून नजरेने उंची घेतली, आणि पर्समधल्या डायरीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंत?" आईने मान लांब केली.

"शेरा दाखवत नाही."

"अरे, बाकी सगळ्यांचा वाचला ना मी!"

"म्हणूनच तर आम्ही इथे आलो आहोत," वन्सं म्हणाल्या आणि डायरी बंद केली.

बाईंनी महालक्ष्मीची शपथ घेतली की वाचलेलं एक अक्षर बाहेर बोलणार नाही. शेठने चार स्क्रू काढून ती डबी आमच्या हातात ठेवली. माझा विश्वास बसेना. एवढ्याशा पत्र्यात अख्खा तालुका मावला होता. वन्संनी ती रिकाम्या पोळ्यांच्या डब्यात घालून डबा मांडीवर घेतला, आणि परतीच्या एसटीत कंडक्टरने "बाई, डबा खाली ठेवा" म्हटल्यावर त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे जाऊन बसला.

आता ती नष्ट कशी करायची? घरी आल्या आल्या वन्संनी ती ओट्यावर ठेवून वरवंट्याने तीन घाव घातले. डबीला ओरखडासुद्धा आला नाही, ओट्याच्या कडाप्प्याचा कोपरा उडाला. हे तिकीट खिडकीवरून जेवायला घरी आले होते. त्यांनी ताटावरून न उठता सुचवलं, "कुकरमध्ये तीन शिट्ट्या द्या." ते चेष्टा करत होते. वन्संनी कुकर काढला, तेव्हा त्यांना जेवण सोडून उठावं लागलं.

मग समुद्र सुचला. आमच्याकडे धाकट्या डहाणूहून मासेवाली मावशी यायची, तिला विचारलं की तुझ्या नवऱ्याच्या बोटीतून ही खोल पाण्यात टाकशील का. तिने डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"नको बाय. समुद्रात टाकलेलं सगळं जाळ्यात परत येतं. आणि माझा नवरा जाळ्यात येईल ते घरी आणतो. मागे एका पात्याचा पंखा आणला. आता तो म्हणतो, बाकीची पाती पण येतील. ही आणली तर चालू होते का बघत बसेल."

शेवटी दुरुस्तीवाल्या काकांनाच विचारलं. ते म्हणाले, विकायची असेल तर तिच्यावर पुन्हापुन्हा कोरं लिहिण्याचे प्रोग्राम असतात, पण तुम्हाला मनाची शांती हवी असेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडा. आतल्या चकत्या फुटल्या की विषय संपला.

स्टेशन रोडला एक ग्रिल-शटरवाले होते. त्यांनी डबी शिकंज्यात आवळली आणि ड्रिल लावलं. किर्र आवाज, पिवळसर ठिणग्या, आणि डबीच्या आतून आरशासारख्या चकत्या चमकल्या. एक भोक झालं.

"अजून एक," वन्सं म्हणाल्या.

दोन झाली. तीन. पाच. वन्संना आता गोडी लागली होती. "इथे कडेला राहिलंय बघा. मुख्याध्यापक कडेला असले तर?"

सातव्या भोकाला ग्रिलवाल्याने ड्रिल थांबवलं आणि घाम पुसला. "बाई, एक विचारू? ही तुमच्या केंद्राची आहे ना? दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं नाव नोंदवलं होतं. तिच्याबद्दल पण असेल ह्यात काहीतरी?"

"होतं."

"काय होतं?"

वन्संनी डबीकडे बोट दाखवलं. "आत्ताच तुम्ही त्याला भोक पाडलंत."

त्याने डबी शिकंज्यात पुन्हा आवळली. मग त्याने ड्रिल पुन्हा सुरू केलं आणि न सांगता आणखी एक भोक पाडलं, मला वाटतं सुरक्षिततेसाठी.

त्यानंतर आम्ही शहाण्या झालो. लॅपटॉपचा पासवर्ड वन्संनी स्वतः ठेवला आणि कुठेही लिहिला नाही, त्यामुळे पहिल्याच महिन्यात तो विसरला आणि काकांना पुन्हा यावं लागलं. शेऱ्यांचा रकाना मात्र त्यांनी बंद केला. "जे तोंडावर बोलता येत नाही ते लिहूच नये," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून तोंडावर बोलायला लागल्या. दोन घरं कमी झाली, पाच वाढली.

तलासरीची बाई शपथेला जागली. एक अक्षर बोलली नाही. फक्त कुठल्या लग्नात आमच्या यादीतलं कोणी भेटलं की त्याच्याकडे बघून इतकी गोड हसायची की तो माणूस दिवसभर आपलं काय चुकलं याचा विचार करायचा. मुख्याध्यापकांनी तर वन्संना विचारलंही, "त्या बाई मला ओळखतात का?" वन्सं म्हणाल्या, "मराठी विषयाची आवड आहे त्यांना."

आणि ती मुलगी हो म्हणाली. पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलगी कैनाडची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, बोलायला एकदम मोकळी. सासू-सुनांची जोडी अशी जमली की शेठ जेवायला गोदामातच बसायला लागला. पण एका बाबतीत सून कडक निघाली. सासूबाईंनी मोठ्या हौसेने फळीवरचे डबे दाखवल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या डिस्क काढल्या, वकिलाला, दवाखान्याला, शाळेला फोन करून घेऊन जायला लावल्या. सासूबाईंनी कवितांसाठी फार गयावया केली, पण ती डिस्कही गेली.

२०१९ मध्ये मी आणि वन्सं एका बारशाला तलासरीला गेलो, तेव्हा शेठच्या गोदामात त्या सुनेची पद्धत बघितली. कॉम्प्युटर वजनकाट्यावर ठेवण्याआधी ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे होते, चार स्क्रू काढते, आणि डबी आणणाऱ्याच्या हातात देते. "ही तुमची. बाकी आमचं." त्या दिवशी कुठल्या तरी पतपेढीचे एक गृहस्थ आले होते, इस्त्रीच्या शर्टात. डबी हातात घेऊन ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. खिशात मावेना, हातात धरवेना. शेवटी त्यांनी ती रुमालात बांधली, स्कूटरच्या डिकीत ठेवली, डिकीला कुलूप लावलं, आणि ओढून बघितलं, लागलं का ते.